ताऱ्यांवाली पोर

आवडाबाईने साऱ्या कोळीवाड्यात सांगून ठेवलेलं, माझी नात दक्षता ठाण्याच्या प्रयोगशाळेत ताऱ्यांचा अभ्यास करते. झालं! दुसऱ्याच दिवशी शेजारची मंजुळा लेकाची, चिरागची, जन्मपत्रिका घेऊन, लग्न कधी जमेल ते विचारायला दारात हजर. दक्षताने कपाळाला हात लावला. तिच्या तारका होत्या स्वादुपिंडात, जठरामागच्या त्या ग्रंथीत. चांदणीच्या आकाराच्या पेशी, म्हणून तारका पेशी. "मावशी, मी आकाश नाय, पोट बघते," ती म्हणाली. चिरागचं लग्न तरीही जमलं. ताऱ्यांचं त्यात काही श्रेय नव्हतं.

खरा घोर होता त्या लग्नाच्या हळदीचा. दक्षताचा बाप धाकू, कळव्याच्या खाडीवर जाळी सांधणारा एक नंबरचा कारागीर, स्वादुपिंडाला सूज येऊन वर्षात दोनदा इस्पितळात पडलेला. दारूचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि हळद म्हटली की पिण्याला कोण अडवणार? पोरीने विनवलं, चिडून पाहिलं, चार दिवस अबोला धरला. धाकू आपला एकच बोलायचा, "बगू."

हळदीच्या दिवशी सकाळी तो ओट्यावर फाटकं जाळं घेऊन बसलेला. दक्षता शेजारी टेकली.

"बाबा, माझ्या पेशी तुमच्यासारख्याच. एरवी पोटात तेलाचा थेंब घेऊन गप पडून असतात. ग्रंथीला इजा झाली की उठतात आणि धागे घालून सांधतात."

"चांगलंच हाय की."

"चांगलंच. पण दारूने रोज नवी इजा झाली की त्या थांबतच नाहीत."

धाकूची सुई थांबली. "गाठीवर गाठ मारतात?"

"हो."

"मग जाळा कडक होतो गो. पाणी जात नाय, मासा येत नाय. कामातून गेला."

दक्षता बघतच राहिली. चार वर्षं ती इंग्रजीतून हेच वाचत होती, पण इतकं स्वच्छ कुणी लिहिलं नव्हतं.

"त्यांना परत निजवता येईल का, तेच शोधतोय आम्ही," ती म्हणाली. "काचेच्या बशीत थोडं जमलंय. माणसात अजून नाही."

धाकू पुन्हा सुई चालवायला लागला.

संध्याकाळी मांडवात बेंजो वाजत होता. धाकूचा जुना दोस्त बाबुराव भरलेला ग्लास घेऊन आला. "धाकू, एका ग्लासाने काय होतंय?" धाकूने ग्लास हातात घेतला आणि दक्षता जागची उठली. त्याने तो शांतपणे खुर्चीखाली ठेवून दिला.

"बाबू, माज्या पोटात सांधणारे हायेत. जरा इजा झाली की उठतात, गाठीवर गाठ मारतात. माजी पोर त्यांना निजवायला चार वरसं राबतेय. आन मी ग्लास पिऊन उठवू?"

चारजण हसले. धाकू हसला नाही. दक्षताचा ऊर भरून आला. आपल्या कामाचा तिला अभिमान होताच, पण बापाचा एवढा कधी वाटला नव्हता.

थोड्या वेळाने बाबुराव तिच्या बाजूला येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाय, माजे निजलेत का उठलेत, कुठे कळंल?"

ती काही बोलायच्या आत मागून धाकूचा आवाज आला, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"तिलाच विचार. ताऱ्यांवाली पोर माजीच हाय."