मिस्त्रीनं भाजेल दाने

डॉक्टरीन केतकीबाईनं कागद लिहून देल्ला तवाच माह्या कपाळात तिडीक गेली. मले दम लागे. नळावरून पान्याचा एक गुंड आनला की छातीत धडधड होये, म्हनून गेलती तिच्याकडे. तर बाई म्हने, भजे बंद, चिवडा बंद, चहासंगचे खारे बंद. मधात भूक लागली तर मूठभर शेंगदाने, दोन बदाम, दोन अक्रोड घरीच कोरडे भाजून खा. तेल नको, मीठ नको, आच बारीक ठेवा. मी म्हनलं, बाई, आमच्या गल्लीत अक्रोड कोनाच्या बापानं पाह्यला? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बाई हसली. बरं, नुसते शेंगदाने खा म्हने, पन रोज खा.

मी हजराबी. कळंबात नुसतं हजराबी म्हनलं तर कोनी वळखनार नाही, मुख्तार मिस्त्रीची बायको म्हनलं की लहान पोट्टं बी घर दाखोते. घरात आमची मोडकीतोडकी उर्दू चालते, पन शेजार सारा वऱ्हाडी, त्याच्यानं गोष्ट सांगाची म्हनलं की तोंडातून हेच निंगते.

मिस्त्री जिनिंगमधी फिटर होते. कपाशीतून सरकी येगळी करनाऱ्या मशिना, एका लाईनीत बारा, अशा दोन लाईनी. एकतीस वर्स त्या मशिनाईच्या मधात उभे राह्यले. मंग कापसाचे दिवस फिरले. गाड्याईची रांग सडकेपर्यंत लागे ती फाटकापर्यंत आली, मंग फाटकाच्या आत आली. मालकानं पह्यले रातपाळी बंद केली, मंग दिवसपाळी, मंग फाटकाले कुलूप. त्याले दोन वर्स झालते.

रिकामा मानूस घरात म्हंजे काय असते ते ज्या बाईच्या घरी असन तिलेच माहीत. गल्लीतले सारे कुकर दुरुस्त झाले, सारे पंखे दुरुस्त झाले, माही चांगली चालती शिलाई मशीन तीनदा खोलून झाली. आमची नुजहत आर्नीले देल्ली हाये. जावई अफरोज भला पोरगा, म्हने अब्बा, माह्या किरान्याच्या दुकानात बसा, पंखा हाये, खुर्ची हाये. मिस्त्री म्हने, मिस्त्री मानूस गल्ल्यावर बसत नसते. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही.

पन आजून एक गोष्ट होती. मिस्त्रीले ऐकू येत नोतं. एकतीस वर्स त्या मशिनाईचा घरघराट कानात गेला, तो कान घेऊनच बाहेर पडला. समोर तोंड करून बोललं तर ओठावरून समजून घेत. पाठीमागून बोललं तर भिंतीशी बोललं. गावाले हे माहीत नोतं. लोक म्हनत, मिस्त्री घमेंडी झाले, हाक मारली तर वळून पाह्यत नाही. मी बी काही बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर दाने भाजाचं काम मिस्त्रीनं मागून घेतलं. म्हने, तुले चुलीपाशी दम लागते, तू बस, हे काम माह्याकडे. पह्यल्या दिवशी लोखंडी कढई ठेवली, दाने टाकले, अन् मी दळन निवडून राह्यली होती तर घरात धूर. सारे दाने कोळसा. दुसऱ्या दिवशी बी तेच. मी चिडली. म्हनलं, नाक हाये का नाही तुमाले? ते म्हने, तंबाखूनं नाक बी गेलं. असे म्हनले अन् खाली पाहून बसले. माहा राग तिथंच पानी झाला. एवढा मोठा मिस्त्री, अन् चार मुठी दान्यांपाशी हारून बसेल.

दाने भाजतानी कान लागते. आंधी नुसती सराट्याची, म्हंजे लोखंडी उलथन्याची, खरखर असते. मंग एखादा दाना तडकते, मंग चार, मंग सारी कढई तडतडाले लागते. ते तडतडनं जरा कमी झालं की खाली उतरवाची. एक मिनिट इकडचं तिकडं झालं तर कच्चे नाहीतर करपेल. माह्या मायनं मले असंच शिकवलं होतं, कानानं.

तिसऱ्या दिवशी मी त्याईच्या बाजूले बसली. सराटा त्याईच्या हातात, मी कानानं ऐकून राह्यली. पह्यला दाना तडकला तशी मी त्याईच्या गुडघ्यावर बोट मारलं. तडतड वाढली तशी बोट मारत गेली. मिस्त्रीनं सराटा कढईच्या बुडाले टेकवून तसाच धरला अन् डोळे मिटले. मंग म्हने, हजरा, बोट नको मारू. दाना फुटते ते सराट्यातून हातात येते.

मले आंधी खोटं वाटलं. पन चौथ्या दिवशी मी मुद्दाम चूप बसली. तडतड उतरली, माह्या तोंडातून शब्द निंगायच्या आंधी ते म्हने, आता. कढई खाली. दाने असे निंगाले की टरफल बोटानं चोळलं तर उडून जाये, आत सोन्यावानी रंग. पंधरा दिवसात माह्यापेक्षा चांगले भाजाले लागले. रोज सकाळी निवले की मूठ भरून माह्या हातावर ठेवत, अन् मी खाऊन होतपर्यंत समोरून हलत नसत. म्हने, हाताले ऐकू येते हजरा, कान कायले पाह्यजे. दोन वर्सात पह्यल्यांदा मी त्याईले गुनगुनतानी पाह्यलं. सूर कुठचा कुठं जाऊन राह्यला होता, पन मी ऐकत बसली.

तेवढ्यात मारेगावकडून निरोप आला. तिकडं एक नवी जिनिंग सुरू होनार होती, अन् तिथं गुलाबसिंग फोरमन लागला होता. गुलाबसिंग आंधी मिस्त्रीच्या हाताखाली होता. त्यानं सांगून पाठोलं, दसऱ्याच्या आंधी फिटर पाह्यजे, मिस्त्री येत असन तर एकदा येऊन मशीन पाहून जा.

मिस्त्रीनं त्या दिवशी दाढी केली, जुन्या पेचकसाची, स्क्रू ड्रायव्हरची, पेटी काढली, तेल लावून एकएक पुसला. मी म्हनलं, अन् कानाचं? ते म्हने, गुलाबसिंगले समोर उभा ठेवीन. बाकी हात हाये. मंग म्हने, हजरा, हे काम नाही भेटलं तर मी मिस्त्री नाही राह्यलो. मंग आर्नीलेच जाऊन बसतो, गूळ तोलतो. माह्याकडे पाहून बोलले, म्हनून मले मान हालवा लागली.

मी संगं गेली. बाईमानसाचं जिनिंगमधी काय काम, पन मी म्हनलं मारेगावात माही मावसबहीन हाये, तिले भेटतो. मावसबहीन मरून चार वर्स झालते, मिस्त्रीले बी माहीत होतं, तरी दोन तिकिटं काढली. डब्यात सकाळचे भाजेल दाने घेतले, गुलाबसिंगसाठी. दोन बसा बदलल्या. वाटेत वावराईत कपाशी गुडघ्याएवढी होती अन् वर पानं लाल पडेल. मिस्त्री खिडकीतून पाहून राह्यले होते. म्हने, एवढ्यात जिनिंग चालन तरी किती दिवस. मंग म्हने, चालन तेवढे दिवस.

जिनिंग मोठी होती, पत्रे नवे, भिंती नव्या. गुलाबसिंग दारातच पाया पडला. मिस्त्रीनं त्याले समोर ठेवून बरोबर गप्पा हानल्या. मी दारापाशी पोत्यावर बसली. आत एक लाईन तपासासाठी चालवून पाहून राह्यले होते. गुलाबसिंग म्हने, सातव्या नंबरच्या मशिनीत काहीतरी हाये मिस्त्री, कंपनीचा मानूस येऊन गेला, त्याले सापडलं नाही.

मिस्त्रीनं पेचकसाचं टोक मशिनीच्या अंगाले लावलं अन् मूठ तळहातानं दाबून धरली. डोळे मिटले, जसे कढईपाशी मिटत होते. इथं नाही. जरा सरकले. इथं नाही. मंग मागच्या कोपऱ्यात थांबले अन् गुलाबसिंगले बोटानं दाखोलं. मशीन बंद करून खोललं तर आतल्या बेरिंगची एक गोळी फुटेल. चार मानसं गोळा झाले. गुलाबसिंग म्हने, पाह्यलं का, याले मिस्त्री म्हनते. माही छाती त्या दिवशी दमानं नाही धडधडली.

बेरिंग बदलली. मिस्त्री आडवे होऊन, पट्ट्याच्या खाली हात घालून नटबोल्ट कसून राह्यले होते. बाकीचे मानसं दूर झाले. गुलाबसिंग त्या टोकाले बटनापाशी गेला. तिथून याईचे पाय तेवढे दिसत असतीन, ते बी नाही. नव्या जिनिंगचा कायदा असा की लाईन चालू कराच्या आंधी घंटी वाजोतात. घंटी झाली की सारे हात बाहेर, मंग वीस मोजून बटन.

घंटी वाजली. मले दारापाशी ऐकू आली, माह्या कानाले झिनझिन्या आल्या एवढी मोठी. मिस्त्री नट कसून राह्यले होते. मी उठली, पन दारापासून तिथपर्यंत पोचनार कवा, अन् वरडून तरी काय उपेग होता. तिथं एक सरकी झाडनारी बाई होती, हंसाबाई. तिनं झाडू फेकला अन् मिस्त्रीले कालर धरून मागं वढलं. हात बाहेर आला अन् पट्टा फिराले लागला. हंसाबाई म्हने, काहून जी बाप्पा, बहिरे हा का? मिस्त्रीनं तिचं तोंड पाह्यलं अन् हसले. म्हने, ध्यान नोतं बाई.

हात पाहून राह्यले होते माहे डोळे. उजवा. ज्या हातानं मिस्त्री ऐकतात तोच हात.

गुलाबसिंग आला तो हसत हसत. त्यानं काही पाह्यलं नोतं. मिस्त्रीच्या समोर उभा राहून म्हने, बस झालं मिस्त्री, नाव लिहून घेतो, दसऱ्यापासून या. मिस्त्रीनं त्याचे दोन्ही हात धरले. त्याईचं तोंड मी पाह्यलं. आमच्या नुजहतचा जनम झाला तवा असं तोंड झालं होतं. मंग ते पाठ करून चिंधीनं हाताचं ग्रीस पुसाले लागले. गुनगुनून राह्यले होते.

मी गुलाबसिंगपाशी गेली. मिस्त्री तीन हातावर उभे, पाठमोरे. मले वाटलं होतं गुलाबसिंगले बाजूले घेऊन जावं, पन मंग समजलं की बाजूले कायले जा लागते. मी म्हनलं, गुलाबसिंगभाऊ, याईले ऐकू येत नाही. घंटी बी ऐकू आली नाही. त्या बाईले इचारा.

गुलाबसिंगनं मिस्त्रीच्या पाठीकडे पाहून हाक मारली, मिस्त्री. मंग मोठ्यानं मारली. मंग अशी मारली की हंसाबाईनं तिकडून पाह्यलं. मिस्त्री चिंधीनं एकएक बोट पुसून राह्यले होते.

गुलाबसिंगचे डोळे भरले. भला मानूस, मले म्हने, भाभी, तुमचं नाव मी घेत नाही. मंग मिस्त्रीच्या समोर गेला अन् म्हने, मिस्त्री, आत्ताच ऑफिसातून निरोप आला, मालकानं त्याच्या साळ्याले, बायकोच्या भावाले, लावलं. माहा इलाज नाही. मिस्त्री त्याच्या ओठाकडे पाह्यत राह्यले, समजलं नाही असं करून. गुलाबसिंगले दुसऱ्यांदा सांगा लागलं. तवा मिस्त्रीनं चिंधी घडी करून मशिनीवर ठेवली. दान्याचा डबा त्याच्या हातात देल्ला. म्हने, खाऊन पाह्यजो, घरी भाजेल हाये, तेल नाही, मीठ नाही.

बसमधी ते म्हने, बेरिंग हातानं पकडली का नाही? मी म्हनलं, पकडली. कंपनीच्या मानसाले सापडली होती का? नाही म्हनलं. राळेगावले म्हने, साळा. साळ्याले काय माहीत बेरिंग कशाले म्हनते. मी खिडकीकडे तोंड केलं. रडतानी आवाज झाला असन, पन त्याचं काही भेव नोतं.

दसरा झाला, दिवाई झाली. आर्नीले काही गेले नाही, अफरोज दोनदा येऊन गेला. दाढी वाढली. पेचकसाची पेटी पलंगाखाली गेली. गुनगुननं बंद झालं. लोकाईले सांगतात, मालकाचा साळा नसता तर आज मी मारेगावले असतो. मी बाजूले बसून मान हालोतो. डॉक्टरीनबाई म्हने, तब्येत सुधरली तुमची हजराबी, काय करता? मी म्हनलं, दाने खातो.

ते तेवढं सुटलं नाही. रोज सकाळी कढई ठेवतात, सराटा बुडाले टेकवतात, डोळे मिटतात. मी मागं बसून राह्यतो. तडतड वाढली की त्याईच्या पाठीले रोज सांगतो, मोठ्यानं, लपवाचं काय हाये त्याच्यात. म्हनतो, साळा नाही जी कोनी. म्याच सांगतलं गुलाबसिंगले. तुमचा हात जाताना म्या पाह्यला, म्हनून सांगतलं. आईकून राह्यले का?

मिस्त्री म्हनतात, आता. कढई खाली उतरवतात, दाने सुपात वततात, निवले की मूठ भरून माह्या हातावर ठेवतात, अन् मी सारे खाऊन होतपर्यंत समोर उभे राह्यतात.