जुने तुकडे

संगणकाने पडद्यावर लिहिलं, ‘दार: सापडलं नाही’, आणि खोलीचं दार गेलं. तिथे आता चुना दिलेली भिंत होती. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा टांगलेलं होतं.

मोहना वैतागली. वेधशाळेच्या यंत्रावर प्रोग्रामिंगची भाषा मूळ कोडपासून बांधायची आणि तिला पुरवण्या जोडायच्या, हे तिचं काम. बांधायच्या आधी संगणक एकेक गोष्ट तपासतो. यादीत जे लिहिलेलं नाही, ते त्याच्या लेखी नसतंच. नमनाला घडाभर तेल! आणि आज पाचला शाळेच्या फाटकाशी पोचायचंच होतं. परवा तिची अकरा वर्षांची इरा तिथे दोन तास एकटी उभी होती. ‘पुन्हा नाही होणार असं,’ मोहनाने तिला शपथेवर सांगितलं होतं.

तिने यादीत ‘दार’ लिहिलं. दार आलं. उघडलं तर जिना नव्हता, समोर नुसता कडुनिंबाचा शेंडा आणि खाली तीन मजल्यांची पोकळी. तिने जिना लिहिला. मग रस्ता गेला. साडेचार वाजले.

शेजारच्या टेबलावरच्या डोंगरे सरांनी मान वर केली नाही. “दर वेळी मागच्या बांधणीचे जुने तुकडे पुसतेस ना? नाहीतर नव्यात जुनं मिसळतं.”

“हो सर, पुसते ना,” मोहनाने थाप मारली. पुसायचं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणखी तासभर. अति घाई संकटात नेई, हे तिलाही ठाऊक होतं. पण इतका वेळ होता कुणाकडे?

तिने लिहिलं: रस्ता, फाटक, इरा. तिन्हींपुढे ‘आहे’ उमटलं. एकही चूक न निघता भाषा बांधून झाली. मोहना पळत सुटली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती फाटकाशी पोचली. इरा उभी होती. चार वर्षांची. डोक्यावर तेव्हा बागेत हरवलेली लाल टोपी.

“आई, घे ना,” तिने दोन्ही हात वर केले.

मोहनाला भरून आलं. तिने तिला कडेवर घेतलं. वजन अगदी तेव्हाचंच होतं.

पर्समध्ये फोन वाजला.

“आई, मी फाटकाशीच उभी आहे,” अकरा वर्षांची इरा म्हणाली. “तू कुठे आहेस?”

मोहनाने सगळीकडे पाहिलं. फाटकाशी दुसरं कोणीच नव्हतं. कडेवरच्या मुलीने हौसेने फोन ओढून घेतला आणि कानाला लावला.

“हॅलो,” ती म्हणाली, “मी इरा बोलतेय.”