भुवयांची हरकत

ऑक्टोबर संपत आला तरी आमचा समुद्र गोठला नव्हता, आणि तो का गोठत नाही हे आम्हाला समजावून सांगायला दक्षिणेतून डॉक्टर पेंडल आले होते. दुभाष्याचं विमान धुक्यात अडकलं, म्हणून ते आपल्याच भाषेत बोलले. ती आम्हाला समजते, हे त्यांचं नशीब.

विमानातून अस्वलं मोजून त्यांनी तक्ता केला होता, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं. बर्फ घटला, म्हणून पांढरी अस्वलं निम्मी झाली, म्हणून गावाचे शिकारीचे परवाने आठाचे चार. परवाना कुणाला, याच्या आठ चिठ्ठ्या आधीच काढून झाल्या होत्या. पाचवी उलुरियाकची, माझ्या मावसबहिणीची. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तिचं नाव निघालं होतं. त्यातून एका अस्वलानं तिची मांसाची कोठी दोनदा फोडलेली, आणि ते नेमकं कोणतं, हे ती चालीवरून सांगायची.

ती म्हणाली, "बर्फ नाही हे खरंच. म्हणून तर ते माझ्या दारात बसतं. जाणार कुठं?"

डॉक्टरांनी सांगितलं, जास्त दिसणं म्हणजे जास्त असणं नव्हे. उपाशी अस्वलं वस्तीकडे येतात. यात चूक काही नव्हती. उपाशी आहे म्हणून दार उघडू का, असं तिनं विचारलं. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मग ते म्हणाले, "कुणाची हरकत आहे का?"

सभागृहातल्या एकतीसही जणांनी भुवया उंचावल्या. आम्हा इनुइटांत भुवया वर गेल्या म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. उगाच घसा कशाला झिजवायचा? डॉक्टरांनी समाधानानं लिहिलं: हरकत नाही.

मी पुढच्याच बाकावर होतो. म्हटलं, डॉक्टर, अख्ख्या गावाची हरकत आहे. ते म्हणाले, कुणी चकार शब्द काढला नाही.

"विमानातून अस्वलाचं वय ओळखता," उलुरियाक म्हणाली, "आणि दोन हातांवरचं तोंड वाचता येत नाही होय?"

त्यांनी ओळ खोडून 'हरकती एकतीस' असं लिहिलं. परवाने मात्र चारच राहिले. हरकती नोंदवायच्या असतात, ऐकायच्या नसतात.

सभा उठली. डॉक्टरांचा मुक्काम गावाबाहेर, धावपट्टीशेजारच्या खोलीत होता. दारात घुटमळत त्यांनी विचारलं, बंदूक घेऊन कुणी सोबत येईल का. कुणी जागचं हललं नाही.

उलुरियाक कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढत त्यांच्या अंगावरून बाहेर पडली.

"तक्त्यात अस्वलं निम्मी झालीत ना, डॉक्टर? मग भ्या की निम्मंच."