चाळिशीची वाट

खिडकीशी बसून चिमी एका कोटाच्या बाहीला रफू करत होती. त्याच कापडाचा धागा काढून ती भोक असं काही बुजवायची की गिऱ्हाईक बाही उलटीसुलटी करून भोक शोधत बसे. दुकानदार तिच्या हाताचं फार कौतुक करायचा. खरं कौतुक करायला हवं होतं ते तिच्या जाड भिंगांच्या चष्म्याचं, कारण तो काढला की सुई कुठे नि भोक कुठे, काही पत्ता लागत नसे. अधिक नंबरची, म्हणजे जवळचं न दिसणाऱ्यांची, ती भिंगं डोळे मोठे करून दाखवत, त्यामुळे पोरगी सदा आश्चर्यात पडल्यासारखी दिसायची.

घरात स्थळ आलं की हा चष्मा आईच्या कपाटात कपड्यांच्या तळाशी जाई. आधीची स्थळं चष्मा पाहूनच परतली होती, म्हणून मामाने ही युक्ती काढली होती. चिमीचे वडील गेल्यापासून घराचा भार मामावर होता आणि मामाचा शब्द घरात शेवटचा असे. लांबचं हिला बऱ्यापैकी दिसतं, तेव्हा चालता-फिरताना अडचण नाही. जवळचं काही पुढे आलं तर हसून वेळ मारून न्यायची, असं त्याने पढवून ठेवलं होतं. या खेपेला आलेल्या मुलाच्या आईने मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा चिमी म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलेत." फोटो त्यांच्या नव्या घराचा होता. सगळे खो-खो हसले, मुलगी विनोदी आहे असं ठरलं, आणि त्याच बैठकीत लग्नही ठरलं.

आता चष्मा जन्मभर कपाटात ठेवता येणार नव्हता. मामाने लेसरच्या ऑपरेशनचं काढलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळे प्रकार समजावून सांगितले. एकात बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून आत लेसर मारतात. नजर लवकर येते. दुसऱ्यात पापुद्रा न उचलता नुसती वरची साल काढतात. दुखतं जास्त आणि नीट दिसायला बरेच आठवडे जातात. तिसऱ्यात लेसरच नाही, डोळ्यात भिंग बसवायचं. पण अधिक नंबरचा डोळा मुळातच लहान, त्यात भिंगाला जागा कमी पडते. मामाने तिन्ही प्रकार दुकानात कापड पाहावं तसे उलटसुलट करून विचारले. त्याचा प्रश्न एकच होता, लग्नाआधी कुठलं उरकेल?

"तारखेवरून डोळ्याचं ऑपरेशन ठरवत नाहीत," बाई म्हणाल्या. "हिचा नंबर मोठा आहे. अधिक नंबरात लेसरचा भरवसा तसाही कमी, थोडा नंबर परत येतो. डोळे कोरडे पडतील, दिव्यांभोवती वलयं दिसतील, बारीक काम कदाचित जमणार नाही. मी करणार नाही. हिला चष्माच बरा." मग कागदावरची नजर वर करून त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का, हे बहुतेक रक्तातूनच येतं.

"कुणाला नाही," मामा म्हणाला. "ताईला आहे तो चाळिशीचा."

आईनेही होकाराची मान हलवली.

मग मामाने दुसरा दवाखाना शोधला. तिथे पापुद्र्याचं ऑपरेशन लगेच करून देणार होते. चिमीने जेवताना एकदाच विचारलं की मग रफूचं काय. लग्नानंतर कशाला लागतंय रफू, असं मामा म्हणाला आणि आईने त्याच्या ताटात भाजी वाढली. आईने बोलावं तर ठरलेलं लग्न मोडणार, गप्प बसावं तर पोरीचे डोळे. दोन्हीकडून दारं लागलेली होती, आणि ती लावण्यात तिचाही हात होता.

दुसऱ्या दवाखान्यात मामा खिडकीपाशी पैसे भरायला गेला, तेव्हा बाकावर मायलेकी दोघीच उरल्या.

"आई, जवळचं दिसेनासं झालं तर मी सासरी काय करू?"

"करशील. अंदाजाने होतं सगळं."

"तुला काय माहीत?"

आई पुढे बघतच बोलू लागली.

"मला माहीत आहे. तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही हाच चष्मा होता. तुझा मामा तेव्हा अगदी लहान, त्याला आठवतही नसेल. लग्नात तो माहेरी ठेवून आले. सासरी कुणाला कळू दिलं नाही, तुझ्या वडिलांनाही नाही. निवडणं, चिरणं, सगळं हाताला कळेल तसं केलं. बायका चाळिशी आली म्हणून हळहळतात. मी तिची वाट बघत होते गं. ती लागली तसा चष्मा आणला, कुणी विचारलंसुद्धा नाही."

चिमी बाकावर तिच्याजवळ सरकली.

"तुला अंगावर पाजताना तुझं तोंड मला कधी नीट दिसलं नाही," आई म्हणाली. "पाळण्यात लांब असलीस की थोडंफार दिसायचं. जवळ घेतलं की पुसून जायचं."

मामा परत आला. आत बोलावलंय, चला, म्हणाला. आई उठली, पण तिने मोबाईल काढून मुलाच्या आईला फोन लावला.

"मुलीला चष्मा आहे. लहानपणापासून. माझ्याकडूनच आलाय तिला. त्या दिवशी आम्ही तो लपवला, ती आमची चूक. पण तिचे डोळे मी कापू देणार नाही."

पलीकडून "कळवतो" एवढंच आलं. कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या आईला समजावून सांगावं लागत नाही.

मामा म्हणाला, वाटोळं केलंस पोरीचं, आणि एकटाच निघून गेला. आई पुन्हा बाकावर बसली. तिला भीती वाटत होती, आणि पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली. चिमीने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आईची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि अगदी जवळून तिला पाहिलं.

त्या घरून निरोप आला नाही. मामा अजून बोलत नाही. चिमी खिडकीशी रफू करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचे मोठे डोळे दिसतात. उद्या आपणही कुणाच्या घरी सून पाहायला जाऊ. समोर बसलेल्या मुलीच्या नाकावर चष्म्याचे ताजे वळ दिसले, तर तिने तो कुणाच्या भीतीने काढला, हे आधी स्वतःला विचारावं.