बिनडोक्याचे गळ

ओगिहारांच्या पुड्यांनी त्या हिवाळ्यात माझं डोकं पार फिरवलं. पुडी उघडायची, गळ चिमट्यानं उचलायचा, भिंग डोळ्याला लावायचं, आणि अर्ध्या तासानं होते तिथेच. हा कुणी वाकवला? कशासाठी? काही केल्या कळेना. आणि हे माझ्या बाबतीत, जिच्या घरात आजोबांपासून गळांखेरीज कुणी दुसरं काही केलं नाही. चिडचिड व्हायची ती त्याचीच.

जपानात आमच्या बान्शूकडे एक गळ एका घरात होत नसे. एक घर तार कापून टोक काढी, दुसरं त्यावर उलटा काटा उठवी, तिसरं त्याला वाक देई, चौथं दोरा निसटू नये म्हणून वरचा शेंडा चपटा करी, म्हणजे डोकं करी, आणि शेवटी पोलादाला पाणी देऊन कडक करणाऱ्याकडे सगळा माल जाई. आमचं घर डोक्यांचं. ओगिहारांचं घर वाक देणारं. वाक देणारे स्वतःला जरा जास्तच शहाणे समजत. त्यांचा मासाओमी माझ्या वर्गात होता. तो म्हणायचा, लोखंडाची डोकी ठोकता ठोकता तुमच्या घरातल्यांचीही चपटी झाली आहेत. मी त्याला एकदा छत्रीनं मारलं होतं.

तर गळ करणाऱ्यांच्या संघानं जुन्या कचेरीतली एक खोली मोकळी केली आणि जुने गळ ओळखून, मोजून, फोटो काढून त्यांची नोंद करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यातही केबारीचे, म्हणजे ज्यांच्यावर पिसं आणि रेशीम बांधून किडा करतात ते बारीक गळ. भिंतीवर प्रत्येक गळाखाली एक कार्ड, कार्डावर वाक देणाऱ्याचं नाव. नियम मीच घातला होता, गळ नाही तर नाव नाही. नाहीतर आपले आजोबा सगळ्यांत थोर होते असं सांगायला अख्खं गाव रांगेत उभं राहिलं असतं.

या नियमात नेमका अडकला तो मासाओमीचा बाप, तोकुजि ओगिहारा. त्याच्यासारखा वाक कुणी दिला नाही, हे त्याच्याशी भांडलेले लोकही कबूल करायचे. पण त्याचा एकही गळ गावात उरला नव्हता. चांगला माल विकला गेला, केबारी बांधणाऱ्यांनी त्यावर पिसं चढवली, आणि मग तो नद्यांत गेला, दगडांत अडकला, आयु माशांच्या तोंडात गंजला. वाईट कारागिरांचे गळ मात्र डब्यांतून उरलेले. याचाही मला राग यायचा, पण त्याला इलाज नव्हता.

तोकुजि वसंतात वारला. घर विकायचं ठरलं, आणि नोव्हेंबरात मासाओमी चहाचा एक पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आला. डोक्यावर केस उरले नव्हते, ओसाकात जन्मभर फोटोकॉपीची यंत्रं विकल्यामुळे बोलणं मात्र गुळगुळीत झालेलं. डबा माझ्यासमोर ठेवला तेव्हा ते सगळं बोलणं कुठे गेलं कोण जाणे.

"बाबांच्या कपाटात मागे होता," तो म्हणाला. "किनु, यांचं नाव लागलं पाहिजे गं."

डब्यात पुड्याच पुड्या, सगळ्या सुगिहाराच्या हातकागदाच्या. हा कागद आमच्याकडे फक्त पहिल्या प्रतीच्या मालाला वापरत. दुय्यम मालाला जुनं वर्तमानपत्र. घड्याही तोकुजिच्याच, कोपरा आत दुमडलेल्या. मला वाटलं, झालं काम. त्याच्यासाठी चहा केला, बीन भरलेला मांजू पुढे ठेवला.

चहा पिता पिता त्यानं ती जुनी गोष्ट काढली. मला ती माहीत होती, गावात सगळ्यांना माहीत होती. चौथीपासून तो बापाशेजारी बसून वाक द्यायला शिकत होता. सतराव्या वर्षी एका सकाळी तोकुजिनं त्याच्या हातातलं वाकणं, म्हणजे वाक द्यायचं हत्यार, काढून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या हातात वाक नाही, ओसाकाला जा. तो गेला. नवीन वर्षाला यायचा, सूप प्यायचा, जायचा. त्या सकाळबद्दल बापलेकांत पुन्हा शब्द निघाला नाही.

"त्यांचा गळ भिंतीवर लागला की लोकांना दिसेल," मासाओमी म्हणाला. "इतका अवघड हात. मग मला जमला नाही, यात काही नवल नाही ना?"

हे तो हसत म्हणाला, पण उत्तराची वाट बघत होता. साठीचा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखं विचारत होता. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

पण गळ काही केल्या सरळ उत्तर देईनात. वाक चांगला गोल, पण टोक दांडीच्या रेषेत नाही, जरासं डावीकडे कललेलं. एक असता तर चूक म्हटलं असतं, पण जवळजवळ सगळेच तसे. उलटा काटा मात्र नीट, म्हणजे माल चांगल्या घरातून आलेला. एक गळ मी अंगठ्यानं दाबून पाहिला तर तो केसाच्या आकड्यासारखा उलगडला, म्हणजे पाणी दिलेलं नाही. आणि डोकं तर एकालाही नाही. डोक्याची घरं गावात दोनच होती, पण ओगिहारांचा माल पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे यायचा. मला ते फार लागलं. म्हणजे हा माणूस आमच्या बापाला नेहमीचा माल पाठवायचा आणि खास माल चोरून, आमच्याशिवाय करायचा. मेलेल्या माणसावर मी दोन दिवस धुसफुसत होते.

शेवटी क्योतोहून साजिसानांना बोलावलं. हे केबारी बांधतात, बोटांतच गळ धरून, आणि माणूस सरळ आहे. त्यांनी एका गळावर कोंबड्याचं पीस बांधून पाहिलं. पीस एका अंगावर कललं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, पाण्यात हे तिरपं चालेल, बुडत्या किड्यासारखं. कदाचित मुद्दाम केलं असेल. डोकं नसेल तर रेशमाचा फास थेट दांडीवर येतो, तेही मुद्दाम असेल. पोलाद मऊ का, ते मात्र त्यांना सांगता येईना. त्यांच्या घरी एकदा आग लागली होती तेव्हा गळ असेच मऊ पडले होते, असं ते म्हणाले. ओगिहारांकडे कधी आग लागली नव्हती.

"कागद पहिल्या प्रतीचा आहे ना?" त्यांनी जाताना विचारलं. "मग माल पहिल्या प्रतीचाच असणार."

हेच मलाही वाटत होतं. आमच्याकडे कुणालाही हेच वाटलं असतं. मी पेन्सिलीनं कार्ड लिहिलं, वाक: ओगिहारा तोकुजि, खास घडण. लिहिलं, पण शाई काही चढवली नाही. कार्ड पाहिलं की बुटात खडा गेल्यासारखं व्हायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हत्यारांचे फोटो काढायला मासाओमी पुन्हा आला. तोकुजिचं वाकणं मी लाकडी ठोकळ्यावर ठेवलं आणि म्हटलं, हात लाव, हातासकट फोटो बरा दिसेल. त्यानं काटा उठवलेली एक तार घेतली, वाकण्यात अडकवली आणि मनगट फिरवलं. चाळीसहून जास्त वर्षांनी. मी फोटो काढला. मग सवयीनं तो गळ उचलून भिंगाखाली धरला.

टोक डावीकडे कललेलं होतं. डब्यातल्यासारखंच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मासाओमीनं भिंग ओढून घेतलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "बघ, अगं बघ की," तो म्हणाला. "हात आलाय माझ्याकडे. त्यांनी नाही म्हटलं तरी आलाय." त्यानं आणखी तीन-चार वाकवले, सगळे तसेच. मी कॅमेरा पेटीत ठेवला. माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. बापाचा हात असा रक्तातून उतरतो का? माझ्या आईचा हात माझ्यात कुठे उतरला? मला हातोडी धरायला शिकायलाच वर्षं गेली. आणि तोकुजिचा खपलेला माल, जो माझ्या बापाच्या हातून गेला, तो तर बाणासारखा सरळ असायचा. बाप म्हणायचा, ओगिहारांच्या गळावर डोकं करताना बघावं लागत नाही.

आठ तारखेला देवळात गळांची शांत होती. दरवर्षी असते. घरोघरी वर्षभरात बिघडलेले, मोडलेले गळ आणायचे, टोफूच्या मऊ वडीत टोचायचे, म्हणजे जन्मभर कठीण गोष्टींत शिरलेल्या लोखंडाला शेवटी मऊ जागा मिळते. आता गळ करणारे थोडेच उरलेत, तरी लोक येतात. मासाओमी बापाच्या नावानं उदबत्ती लावायला आला होता. भटजींच्या बायकोनं ताट पुढे केलं आणि त्याला म्हणाली, ओगिहारांकडचं कधीच फारसं नसायचं बघा. तोकुजिसान दरवर्षी एखाददुसरा गळ आणायचे, बस.

मी टोफूकडे बघत उभी राहिले. मी हातोडी शिकत होते तेव्हा माझा बाप माझे बिघडलेले गळ वाडगा भरून आणायचा. आमची वडी साळिंदर झालेली असायची आणि अख्खं गाव हसायचं. शिकणारं पोर घरात असलं की असंच व्हायचं, कुठल्याही घरात. ओगिहारांच्या घरात तर चौथीपासून सतरा वर्षांचं होईपर्यंत पोर शिकत होतं. आणि त्यांच्या वडीत एखाददुसरा गळ. माझी आई त्यावर म्हणायची, त्यांचं पोर भलतंच हुशार दिसतंय.

मग त्याचे बिघडलेले गळ गेले कुठे?

मला एकदम सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर मी इतकी घाबरले की तिथून निघून जावंसं वाटलं. बिघडलेल्या मालाला कुणी पाणी देत नाही. बिघडलेल्या मालाला डोकं करायला कुणी शेजाऱ्याकडे पाठवत नाही. हे सांगितलं तर भिंतीवरचं बापाचं नाव जाणार, आणि बापाचा हातच अवघड होता, या ज्या समाधानावर मासाओमीनं जन्मभर दिवस काढले तेही जाणार. नाही सांगितलं तर एका नवशिक्याच्या चुका तोकुजिच्या नावावर कायमच्या चढणार, तेही माझ्या अक्षरात. तोकुजिचाच मला संताप आला. एवढं सगळं करून ठेवायचं आणि तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही.

देवळातून मी त्याला सरळ खोलीवर आणलं. कोटही काढू दिला नाही.

"मासा, हे गळ तुझे आहेत."

"माझेच ना. बाबांचं सगळं आता माझंच."

"तसं नाही रे. तू वाकवलेले. पोरपणी." मग मी एका दमात सगळं सांगितलं, पाण्याचं, डोक्याचं, टोफूचं.

तो खाली बसला. त्यानं डब्यातला एक गळ आणि परवा वाकवलेला एक गळ शेजारी ठेवले आणि भिंगातून बघत राहिला. रोज संध्याकाळी बाबा माझ्यापुढचं बिघडलेल्या गळांचं ताट उचलून न्यायचे, तो म्हणाला. एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं भंगारात जातं.

"म्हणजे माझा हात खरंच वाईट होता," तो म्हणाला.

"फार वाईट," मी म्हटलं. खोटं बोलून आता काय मिळणार होतं?

"मग देवळात का नाही नेले?"

"लोक हसले असते. तुला."

"भंगारात टाकायचे. ठेवले कशाला?"

"ते मला काय विचारतोस? मला नाही कळत तुमच्या घरातलं काही. ज्यानं तुला घालवलं त्यानंच हे ठेवलं, आणि तेही एक एक पुडी बांधून. दोन्ही एकाच माणसानं कसं केलं ते तू सांग मला."

त्यानं एक रिकामी पुडी हातात घेतली. बोटांनी ती सपाट केली, मग जुन्या घडीवरून पुन्हा दुमडली, कोपरा आत घालून. पुन्हा उघडली.

"इतक्या वाईट गळांना इतका चांगला कागद," तो म्हणाला, आणि पुडी हातात धरूनच रडायला लागला. मी खिडकीकडे तोंड केलं. मलाही रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

मग त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तुझा नियम आहे," तो म्हणाला. "गळ नाही तर नाव नाही. बाबांचं राहिलंच शेवटी."

मी पेन्सिलीचं खोडलं आणि शाईचं पेन काढलं. वाक: ओगिहारा मासाओमी, शिकाऊ. टोक डावीकडे कललेलं, पाणी न दिलेले, डोकं न केलेले, विकायला अयोग्य. तो खांद्यावरून वाचत होता, विकायला अयोग्यपाशी जरा खाकरला. मग खाली मी पट्टी ठेवून आणखी एक रेघ मारली आणि लिहिलं, जपणारा: ओगिहारा तोकुजि.

"असा रकाना आहे तुमच्या कार्डात?" त्यानं विचारलं.

"नव्हता," मी म्हटलं. "शाई वाळू दे, हात लावू नकोस."