कुलूप कोणी तोडलं

कंपनीच्या साहेबाने दोन कागद पुढे सरकवले आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारल्या.

"मावशी, एक प्रत आमची, एक तुमची. सही करा, दुपारपर्यंत आठ महिन्यांचं बिल मोकळं."

टाक्या धुण्याचं कंत्राट तिच्या नावावर, म्हणून सही तिचीच हवी होती. शेजारी तिचा मुलगा जीव मुठीत धरून बसला होता. दोन महिने कामगारांचे पगार थकलेले, त्यांना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

"मी काही तुझ्या आईची बहीण नाही," ती म्हणाली. "पण नातं लावलंसच, तर आता अरेतुरे ऐकून घे. काय लिहिलंय यात?"

"नेहमीचंच. हिशेब मिटला वगैरे."

ती जेमतेम दुसरी शिकलेली. छापील अक्षर वाचायची, पण बोट ठेवून, खडे वेचावेत तसं. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं. बोट चौथ्या ओळीवर थांबलं. 'कंत्राटदाराच्या माणसांनी नळाला कुलूप न लावल्यामुळे अपघात झाला.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टाकीत माणूस उतरायच्या आधी अ‍ॅसिडच्या नळाला कुलूप घालायचं आणि किल्ली बाहेर उभ्या माणसाच्या गळ्यात. तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी किल्ली तिच्याच गळ्यात होती आणि टाकीत सख्ख्या बहिणीचा मुलगा. कंपनीला मशीन चालू करायची घाई. पलीकडून कोणीतरी कुलूप कापलं, नळ सोडला. भाचा गुडघ्यापर्यंत भाजला. अजून दवाखान्यात होता. या कागदावर सही झाली की त्याला भरपाईची दमडीही मिळणार नव्हती.

"कुलूप कोणी तोडलं?"

"ते आता कोण सांगणार? कंपनीने चौकशी केली ना."

"कंपनी म्हणजे कोण? बोलव तिला. समोर बसवून विचारते."

"असा कोणी एक माणूस नसतो हो."

"माझी सही घ्यायला एक माणूस सापडला, आणि तुमच्याकडे चूक पदरात घ्यायला माणूसच नाही होय?"

मुलगा कानाशी लागला. "आई, पाया पडतो तुझ्या. सही कर. त्याचं आपण नंतर बघू."

"काय बघशील? त्याचे पाय?"



तिने पेन मागितलं. साहेबाच्या जिवात जीव आला. पण पेन फुलीवर टेकलं नाही, वरच्या मोकळ्या जागेत चालू लागलं. जीभ दातांत धरून, वेडंवाकडं, एकेक अक्षर. 'कुलूप आम्ही लावलं होतं. कंपनीनं तोडलं. किल्ली माझ्या गळ्यात होती.' त्याखाली सही. मग दुसऱ्या कागदावरही तेच.

"अहो, हे काय! कागद वाया घालवलात!"

"वाया तू घालवला होतास. मी नीट केला."

तो हात पुढे करेपर्यंत कागद तिच्या छातीशी होते आणि ती दाराबाहेर. खाली फाटकाजवळ आवक-जावकची खिडकी होती. आलेल्या प्रत्येक कागदावर तिथे शिक्का बसतो, नंबर पडतो. मग तो कागद आलाच नव्हता असं म्हणायची कोणाची छाती नाही. बिलं देऊन देऊन ती खिडकी तिला पाठ झाली होती. तिथला कारकून फक्त सही बघतो, मजकुरात डोकं घालत नाही.

"आज पुन्हा बिल?" कारकुनाने विचारलं.

"उत्तर आहे. दोन्हींवर मार, एक मला परत दे."

जिन्यात बूट वाजले. "थांबा! घेऊ नका तो कागद!"

तिने वळून पाहिलं. अरुंद जिन्याच्या मधल्या पायरीवर तिचा मुलगा बसला होता, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. साहेब वर, हा खाली.

"बाजूला हो!"

"झालंच साहेब. गाठ बसत नाहीये."

जिन्यातलं ओरडणं खिडकीमागे पोचलं नाही. शिक्का पडला. मग दुसरा. कारकुनाने नंबर घातला आणि तिची प्रत तिच्या हातात दिली.

साहेब पोचला तेव्हा घामाघूम होता. "आता बिल विसरा."

तिने प्रत घडी करून कमरेला खोचली. फाटकाबाहेर येईपर्यंत ताठ चालली. मग मुलगा येईपर्यंत भिंतीशी उभी राहिली.

"पगारासाठी आपली टाक्या धुवायची पंपाची गाडी विकावी लागेल," मुलगा म्हणाला.

"उद्याच गिऱ्हाईक बघ. आधी दवाखान्यात चल, त्याला हा कागद दाखवू."