डोक्यावर खूण नव्हती

दुसऱ्या फटक्याला जिवली खाली बसली, तरी नविनची काठी थांबली नाही. तिसरा फटका तिच्या मांडीवर बसला. चौथा अडवायला तिने हात वर केला, आणि मनगट मोडल्याचा आवाज अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला. कोणी पुढे झालं नाही. जिवली ही नविनची सख्खी काकी. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"सोड तिला," तो ओरडत होता. "माझ्या बायकोला सोड."

आत त्याची बायको संगिता चटईवर पडली होती. सकाळी पाणी भरताना डोक्यात काहीतरी फुटलं म्हणाली, ओकली आणि कोसळली ती उठलीच नाही. हाल्या भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि करणी केली म्हणून जिवलीचं नाव घेतलं. वेवजीच्या त्या पाड्यावर एकटी, म्हातारी आणि तोंडाने फटकळ अशी बाई एकच होती, त्यामुळे तांदळांना फार शोधावं लागलं नाही.

"सोडते," शेवटी जिवली म्हणाली. मार थांबावा म्हणून कोणीही म्हणालं असतं.

तेवढ्यात पाड्यावरच्या आशाताईने बोलावलेली एकशे आठची गाडी आली. संगिता आधी तलासरीला आणि तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेली. दोन दिवसांनी तिने डोळे उघडले. डॉक्टरबाईंनी नविनला पडद्यावर डोक्यातल्या शिरा दाखवल्या. एका शिरेला बाजूला पोट आलं होतं.

"शिरेला फुगा आला होता, तो फुटला. मांडीतून बारीक नळी वरपर्यंत नेली आणि त्या फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून भरली. डोकं उघडावं लागलं नाही."

नविनला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात माल तपासायचा. रबर एका जागी पातळ पडलं की भरलेल्या फुग्याला तिथेच असं पोट येतं. दिवसाकाठी असे शंभरेक फुगे तो बाद करत असे.

"हे कोणी केलेलं नसतं का?" त्याने विचारलं.

"कोण करणार?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "शीर तिथे कमजोर होती."

तो बाहेरच्या नळापाशी गेला आणि पाण्याखाली हात धरून उभा राहिला. मागे रांग लागली, लोक कुरकुरू लागले, तेव्हा कुठे बाजूला झाला.

वीस दिवसांनी संगिता घरी आली. पाड्यातल्या बायकांनी तिचे केस बाजूला करकरून पाहिले. टाका नाही, व्रण नाही, केसही जिथल्या तिथे.

"डोकं तर फोडलंच नाय," एक म्हणाली. "मग बरी कशी झाली?"

"काकीनं सोडली म्हणून."

नविनने ऐकलं. त्याने इस्पितळातून आणलेलं फिल्मचं पाकीट माळ्यावर ठेवलं आणि मोटारसायकल पुसायला घेतली. डॉक्टरबाई खऱ्या असतील तर त्याने काकीचा हात उगाच मोडला होता. भगत खरा असेल तर त्याने बायकोला वाचवलं होतं. माणसाला जगायला सोपं ते त्याने निवडलं.

"काकींचा हात कशानं मोडला?" संगिताने विचारलं.

"पडली," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी पाड्यातल्याच शुक्राची मुलगी तापाने फणफणली. दुपारी शुक्राने जिवलीला केसाला धरून फरफटत नविनच्या अंगणात आणलं. तिच्या मनगटाला बांधलेल्या बांबूच्या कामट्या वाटेतच सुटल्या होत्या. मागून पंधरावीस बाप्ये आले, आणि हाल्या.

"एकदा कबूल झालीय ती," हाल्या म्हणाला. "नविनला विचारा."

शुक्राने तिच्या पाठीत लाथ घातली. ती तोंडावर पडली. ओठ फुटला.

"नविन, तू मारलीस, मग तुझी बायको उठली का नाय?"



"उठली," नविन जमिनीकडे बघत म्हणाला. शब्द खराच होता.

शुक्राने काठी उगारली. त्या एका शब्दात संगिताला सगळं कळलं. ती दारातून खाली उतरली.

"माझ्या डोक्यात फुगा होता. डॉक्टरनी इथून तार घातली," ती म्हणाली, आणि त्या सगळ्या बाप्यांसमोर तिने लुगडं मांडीपर्यंत वर घेतलं. जांघेपासून गुडघ्यापर्यंत रक्त साकळलेलं होतं, मधे काळंनिळं, कडेने पिवळं पडलेलं.

हाल्या हळू आवाजात म्हणाला, "काठी जिवलीच्या मांडीवर बसलेली. वळ हिच्या मांडीवर उठलाय. ही पण तिच्यातलीच."

लोक एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी संगिताकडे नव्याने पाहिलं. शुक्राने काठी नविनपुढे धरली.

"तुझी बायको. तूच मार."

नविनने काठी घेतली नाही. तो धडपडत आत गेला, पाकीट घेऊन आला, फिल्म उन्हात धरली. "खोटं नाय बोलत ती. ही बघा शीर. इथं रबर पातळ... इथं शीर पातळ होती. मी डोळ्यांनी बघितलं. काकीनं काय नाय केलं."

"तुला कधी कळलं हे?" शुक्राने विचारलं.

"इस्पितळात."

"मग इतके दिवस का नाय बोललास? आता बायकोवर आलं म्हणून बोलतोस?"

नविनने फिल्म खाली केली. जिवली हळूहळू उठली. चांगल्या हाताने तिने संगिताचं लुगडं खाली ओढून नीट केलं, तिला आपल्या पाठीशी घेतलं आणि ओठावरचं रक्त न पुसताच नविनकडे तोंड केलं.

"बोल ना," ती म्हणाली. "शुक्रा विचारतोय."